लिटरभराची रेघ

मी एक जुना मापाचा जग आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो मित्रांनो, मी वैतागलेला आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की कशा गोड बोलतात. छत्री बोलते, फळा बोलतो, मोडकी खुर्ची बोलते आणि सगळ्या कशा शांतपणे म्हातारपणाला पोचलेल्या असतात. मला ते जमणार नाही. माझं सगळं आयुष्य एका रेघेचं आहे. त्या रेघेपर्यंत पाणी भरा, एवढी एकच गोष्ट मी माणसांकडे मागितली आणि तेवढीही त्यांना धड जमली नाही. कधीकधी कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, पण मला हात एकच, तोही पाठीला चिकटलेला.

माझा जन्म एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. पांढरे दाणे वितळवून साच्यात ओतायचे, साचा उघडायचा, की मिनिटाला चार जग बाहेर. मी दुधट रंगाचा होतो, आतलं पाणी बाहेरून दिसेल इतका पातळ. रेघ कोरलेला साचा महाग पडतो म्हणून आमच्या अंगावर रेघ निळ्या शाईने छापत. शेवटच्या टेबलाशी एक तपासनीसबाई बसायच्या. त्या दर शंभरावा जग उचलून काचेच्या मापाने त्यात एक लिटर पाणी ओतायच्या, मान वाकवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायच्या आणि रेघ तपासायच्या. मी नेमका शंभरावा निघालो. बाईंनी डोळा मिटला, उघडला आणि म्हणाल्या, “बरोब्बर.” शंभरात एक असं लोक उगाच म्हणतात. मी खरोखरच होतो, आणि तो तोरा मी अजून सोडलेला नाही.

तिथून मी एका दवाखान्यात आलो. दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर लांब बाक, आत दोन खाटा, औषधांचं लोखंडी कपाट आणि खिडकीशी एक टेबल. टेबलावर उकळून गार केलेल्या पाण्याचा झाकणाचा डबा, क्षार-साखरेच्या पुड्यांचं खोकं, एक लांब दांड्याचा चमचा आणि मी. त्या जागेला सगळे पाण्याचा कोपरा म्हणत. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेलं मूल आलं की आधी त्याला या कोपऱ्यात आणत. एक पुडी फोडायची, माझ्यात टाकायची, रेघेपर्यंत पाणी भरायचं, ढवळायचं आणि चमच्या-चमच्याने पाजायचं. यात अवघड काय आहे, हे तुम्हीच मला सांगा.

पण लोकांना नुसतं ‘असं करा’ सांगून चालत नाही, हे दवाखान्यातल्या सिस्टरला पक्कं ठाऊक होतं. ती बाकावरच्या आयाबापांना जवळ बोलवायची आणि बटाट्याच्या दोन चकत्या कापायची. एक साध्या पाण्यात टाकायची, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. मग आपली कामं उरकायची आणि अर्ध्या तासाने दोन्ही बाहेर काढायची. साध्या पाण्यातली चकती ताठ असायची, वाकवली तर कट्‌कन मोडायची. मिठातली मात्र ओल्या चिंधीसारखी लोंबायची.

“बघा,” सिस्टर म्हणायची, “बटाटा काय, आपलं शरीर काय, सगळं इवल्या इवल्या पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला जाऊ देतो, मिठाला सहजासहजी जाऊ देत नाही. मग ज्या बाजूला मीठ-साखर जास्त, त्या बाजूला पाणी धाव घेतं. काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? ते हेच.”

शाळेतली मोठी मुलं याला परासरण म्हणतात. सिस्टर तो शब्द वापरायची नाही, कारण तो ऐकला की बाकावरची माणसं जांभया द्यायची. ती पुढे आतड्याची गोष्ट सांगायची. आतड्याच्या पेशींनाही असाच पडदा असतो आणि त्याला दारं असतात. जुलाबात बराच कारभार बिघडतो, पण एक दार शाबूत राहतं. त्या दारावरचा पहारेकरी मोठा विक्षिप्त. मीठ एकटं आलं तर तो हलत नाही, साखर एकटी आली तरी हलत नाही. दोघं जोडीने आली की लगेच आत घेतो आणि त्यांच्यामागून पाणीही आत शिरतं. म्हणून पुडीत दोन्ही असतं. पण पाणी कमी घातलं आणि आतड्यात मीठ-साखरेची गर्दी झाली, तर सगळंच उलटं होतं. शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं आणि आधीच सुकलेलं मूल आणखी सुकतं.

या सगळ्या शहाणपणाचा अर्थ एकच, मित्रांनो. एक पुडी, एक लिटर, माझी रेघ.

आणि लोक काय करायचे? एक बाई म्हणाली, पोर एवढं लिटरभर कुठे पितंय, आणि पुडी एका पेल्यात कालवून मोकळी झाली. एकाने अर्धी पुडी उद्यासाठी ठेवली. एका आजोबांनी नातवाला चव आवडत नाही म्हणून वरून मूठभर साखर घातली. एकीने सगळं तयार झाल्यावर पुन्हा उकळायला ठेवलं, आणि ते आटून निम्म्यावर आलं. औषध जितकं दाट तितकं जोरदार, ही समजूत कुणी काढली कोण जाणे. सिस्टर एकेकाला परत बसवायची, परत बटाटा कापायची. तिच्या जागी मी असतो तर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं असतं.

मला चांगले दिवस दिसले नाहीत असं नाही. दोन वर्षांपूर्वी जमिनीखालची पाण्याची नळवाहिनी फुटली, तिच्यात गटार मिसळलं आणि अठरा दिवस दवाखान्याच्या दारात रांग लागली. खाटांवर मुलं, बाकावर मुलं, जमिनीवर चादरी टाकून मुलं. मी दिवसभर भरत होतो आणि रिकामा होत होतो. एकही मूल दगावलं नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाल्या, “कपाटातल्या औषधांनी केलं नाही एवढं काम यानं केलंय.” मी अंगभर फुगलो. पुढच्याच आठवड्यात कोणी मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांच्या टेबलावर फुलं ठेवायला मला नेलं. तीन दिवस माझ्यात देठं कुजत होती. ही माणसांची कदर.

त्या अठरा दिवसांतच मला तो आचारी भेटला. जवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो दीडशे माणसांचा स्वयंपाक करायचा. अंगाने आडवा, पांढरा अ‍ॅप्रन, आणि खांद्यावर वर्षाची लेक. तिला तो भिंगरी म्हणायचा, कारण बरी असली की ती एका जागी ठरायची नाही. सिस्टरने पाणी तयार केलं तसं त्याने चमच्यातला एक थेंब तळहातावर घेतला आणि चाखला.

“झकास,” तो म्हणाला. “मीठ आहे, पण आहे असं कळत नाही. पण ताई, त्या रेघेला एवढं वाकून काय बघता? मी आयुष्यात माप हातात धरलं नाही. जीभ सांगते तेवढं घालायचं.”

“तुमची जीभ कॅन्टीनमध्ये चालवा,” सिस्टर म्हणाली. “इथे रेघ चालते. रोग्याच्या पाण्यात बोट घालायचं नाही आणि चाखायचंही नाही. कळलं?”

“कळलं, ताई,” तो ओशाळून म्हणाला. मला मनापासून आनंद झाला. अंदाजपंचे माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा. ‘साधारण’, ‘चिमूटभर’, ‘होईल एवढ्यात’ असले शब्द ऐकले की माझं प्लास्टिक तडकतं. भिंगरी दोन दिवसांत बरी होऊन घरी गेली आणि मी त्या आचाऱ्याला विसरून गेलो.

माझी खरी साडेसाती मावशीने आणली. मावशी म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणारी बाई. मनाने चांगली, कामाला वाघ, पण हातात तारेची घासणी आली की तिला कशाचंच भान राहायचं नाही. ती मला रोज घासायची. खालून, वरून, आतून आणि जिथे काहीही घाण नाही त्या बाहेरच्या अंगालासुद्धा. माझी निळी रेघ आधी फिकट झाली, मग तुटक झाली, आणि एका सकाळी ती पुरती गेली.

“भाऊ, जगावरची रेघ गेली बघा,” मावशीने कंपाउंडरला सांगितलं.

“गेली म्हणजे? तुम्हीच घासून घालवलीत.”

“स्वच्छता ठेवायची की रेघ ठेवायची, काय ते एक सांगा,” मावशी म्हणाली.

सिस्टर असती तर तिने दोघांनाही सरळ केलं असतं. पण ती महिन्याभराच्या प्रशिक्षणाला गेली होती. डॉक्टरबाईंकडे दोन दवाखाने, त्या दुपारी चारनंतर यायच्या. म्हणून कारभार कंपाउंडरच्या हाती होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. पुड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याला कुठलीही गोष्ट तपासायची म्हणजे आपला अपमान वाटायचा.

त्याच्याकडे नवी पाण्याची बाटली होती. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली, स्टीलची, चकचकीत. तो ती येईल त्याला दाखवायचा. जुनी बाटली लिटरची होती, आणि ही नवी उंचीला आणि घेराला अगदी तेवढीच. पण मित्रांनो, ती दुहेरी भिंतीची होती. बाहेर एक अंग, आत दुसरं अंग आणि मधे पोकळी, म्हणजे गरम ते गरम राहतं आणि गार ते गार. बाहेरून लिटरची दिसायची, आत जेमतेम अर्धा लिटर मावायचा. हे लेकीला ठाऊक असेल, दुकानदाराला ठाऊक असेल. ज्याला ठाऊक असायला हवं होतं त्याने बुडाशी छापलेला आकडा कधी वाचलाच नाही.

त्याने ती बाटली काठोकाठ भरली, माझ्यात ओतली, आणि बाटल्यांवर खुणा करायच्या लाल रंगाने पाण्याच्या पातळीला एक सुरेख रेघ ओढली. रेघ सरळ होती, ठळक होती आणि साफ चुकीची होती.

मावशी बघत होती. ती म्हणाली, “अहो भाऊ, रेघ एवढी खाली होती का? मला आपलं वाटतं, बरीच वर होती.”

“मावशी, वरची जागा ढवळायला ठेवलेली असते. काठापर्यंत भरलं तर ढवळणार कसं?”

“तेही खरंच,” मावशी म्हणाली आणि झाडू उचलून निघून गेली.

तेही खरंच! मी आतून किंचाळत होतो. अगं बाई, रोज दोन वेळा तू मला हातात घेतेस, तुझ्याइतकी ती रेघ कुणी पाहिली असेल? एकदा म्हणालीस तर दुसऱ्यांदा म्हण की! पण ती खोलीबाहेर गेली होती आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

त्यानंतरचे नऊ दिवस मी खोटं बोललो. माझी इच्छा नसताना, पण मीच बोललो. पुडी एका लिटरची, पाणी अर्धा लिटर. माझ्या हातून सात मुलांना दुप्पट दाट पाणी गेलं. त्यांतल्या दोघांना मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, सलाईन लावावं लागलं. “यंदाची साथच वाईट आहे,” कंपाउंडर प्रत्येकाला सांगायचा. आणि वाईट वाटून, काळजीने, तो आणखी एक जग भरायचा. अगदी रेघेपर्यंत.

दहाव्या दिवशी सकाळी दार ढकलून तोच आचारी आत आला. अंगात तोच पांढरा अ‍ॅप्रन, म्हणजे चुलीवरचं सोडून आला होता. खांद्यावर भिंगरी होती, आता तीन वर्षांची. एरवी ही पोरगी दवाखान्यात आली की खाटेखालून शिरून कपाटामागून निघायची. आज तिचे पाय नुसते लोंबत होते.

“काल संध्याकाळपासून जुलाब आहेत,” तो म्हणाला. “हिची आई कामावर आहे, संध्याकाळी येईल. भाऊ, बघा हो जरा.”

कंपाउंडरने लगेच पाणी तयार केलं, लाल रेघेपर्यंत. “मिनिटाला एक चमचा. घाई करायची नाही.”

आचारी खाटेवर मांडी घालून बसला, लेकीला मांडीवर घेतलं आणि पाजू लागला. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. आता चाख, मी मनात म्हणत होतो, दोन वर्षांपूर्वी चाखलंस तसा एक थेंब तळहातावर घे. अंदाजपंचे माणसा, आज तुझ्या अंदाजाची गरज आहे! पण तो चाखेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं की चव कशी आहे, तर म्हणाला, “इथे जीभ चालवायची नाही असं सिस्टरताईंनी सांगितलंय. मी शब्द दिलाय.” माणसं कुठलीही चांगली गोष्ट ऐकतात ती नेमकी नको त्या दिवशी.

भिंगरी पाणी घटाघटा मागत होती. जितकं प्यायची तितकी तहान वाढत होती. जुलाब थांबायचं नाव घेईनात. अकराच्या सुमाराला ती चिडचिडी झाली, आईला हाका मारू लागली, मग रडू लागली, आणि रडताना तिच्या डोळ्यांतून एक टिपूसही येईना. बारा वाजता तिचे डोळे खोल गेलेले मला टेबलावरूनही दिसत होते.

“भाऊ, हिच्यात फरक नाही,” आचारी म्हणाला.

“पाजत राहा. डॉक्टरबाई चारला येतायत. तोवर उतार नाही पडला तर मोठ्या दवाखान्यात हलवू.” आणि कंपाउंडरने दुसरा जग भरला.

त्या दुसऱ्या जगातला पहिला चमचा भिंगरीने हाताने उडवला. पाणी आचाऱ्याच्या तळहातावर सांडलं. मित्रांनो, त्याने ठरवून काही केलं नाही. वीस वर्षांची सवय, हात आपोआप तोंडाशी गेला. मग तो थांबला. भुवया जवळ आल्या. त्याने पुन्हा एकदा तळहात चाटला.

“भाऊ, यात मीठ जास्त झालंय.”

“पुडी बंद येते. त्यात मीठ जास्त कसं होईल?”

“मग पाणी कमी आहे.”

“अहो, ही काय भाजी आहे अंदाजाने करायला? ही रेघ बघा, रेघ!” कंपाउंडरने मला उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी रेघ लपवावीशी वाटली.

आचारी आवाज न चढवता म्हणाला, “मी दीडशे माणसांचं रांधतो, भाऊ. कुणी माझ्या भांड्यात चिमूटभर मीठ जादा टाकलं तर मला डोळे मिटून कळतं. दोन वर्षांपूर्वी याच जगातलं पाणी मी चाखलंय. तेव्हा मीठ असून नसल्यासारखं होतं. हे दुप्पट आहे. काकडीलाही एवढ्यानं पाणी सुटेल हो, माझ्या पोरीचं काय होत असेल?”

“पोरगी आजारी आहे म्हणून ऐकून घेतोय—”

“मी म्हटलं होतं,” दारातून आवाज आला. मावशी हातात फडकं घेऊन उभी होती. “तेव्हाच म्हटलं होतं, रेघ वर होती. मग गप्प बसले, कारण मला काय कळतंय. पण रोज मीच घासायचे ना तिला. वर होती. चार बोटं वर होती.”

ती खिडकीपाशी गेली. तिथे सलाईनची एक रिकामी बाटली होती. त्या बाटलीने मावशी खिडकीतल्या रोपांना पाणी घालायची. “हिच्यावर आकडे छापलेत. पाचशे. घ्या, मोजा.”

कंपाउंडरने मला रिकामं केलं. मावशीने बाटली धुतली, पाचशेच्या खुणेपर्यंत भरली आणि माझ्यात ओतायला लागली. पाणी चढत गेलं, चढत गेलं आणि बाटली संपली तेव्हा बरोबर लाल रेघेला टेकलं. लिटर व्हायला अशी आणखी एक बाटली हवी होती, आणि ती लाल रेघेच्या कितीतरी वर पोचली असती.

कंपाउंडरने आपली चकचकीत स्टीलची बाटली घेतली, उलटी केली आणि बुडाशी छापलेला बारीक आकडा वाचला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. “नऊ दिवस,” तो म्हणाला. “नऊ दिवस मी हेच पाजलं.”

“आता बसू नका हो,” आचारी म्हणाला. “ओरडायचं तर मी उद्या ओरडेन तुम्हाला. आधी नवीन करा. आणि त्या डॉक्टरबाईंना फोन लावा.”

डॉक्टरबाई फोनवरून सांगत गेल्या आणि कंपाउंडर मोठ्याने म्हणत गेला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. ते पाणी फेकून द्या. साधं पाणी घटाघटा पाजू नका, तेही धोक्याचं. दोन बाटल्या मोजून बरोबर एक लिटरचं करा. सावकाश, चमच्या-चमच्याने. मी निघालेच.

पाणी तयार झालं. कंपाउंडरने आधी चमचा आचाऱ्यापुढे धरला. त्याने थेंब तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. “आता बरोबर.”

मग सुरू झालं ते चमच्या-चमच्याचं काम. मिनिटाला एक. ते बघणंही सोपं नव्हतं. डॉक्टरबाई अडीचलाच आल्या, दुसरा दवाखाना अर्धा टाकून. त्यांनी भिंगरीला तपासलं, सलाईनची सगळी तयारी करून ठेवली आणि म्हणाल्या, “पितेय, ठेवतेय. थोडा वेळ बघू. पण लघवी झाली पाहिजे. ती झाली की मी श्वास घेईन.”

तीन वाजले, चार वाजले. मी दोन वेळा रिकामा झालो. कंपाउंडर एकदाही खुर्चीवर बसला नाही. मावशीने फरशी तीनदा पुसली, पुसायला काही नसताना. मला मात्र एकच विचार पोखरत होता. हिचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या रेघेने झालेलं असेल, आणि शंभरात एक म्हणून मिरवणाऱ्या मला पुन्हा कुणी हातात घेऊ नये.

पाचला थोडा अवकाश असताना आचारी अचानक ताठ बसला. त्याने खाली पाहिलं. मांडीवरचा अ‍ॅप्रन ओला होत होता आणि तो ओलेपणा पसरत चालला होता.

“केली!” तो ओरडला. “केली हो, डॉक्टरबाई! माझ्या अ‍ॅप्रनवर केली!”

बाहेरच्या बाकावरची माणसं काय झालं म्हणून दारात गोळा झाली. एवढा आडवा माणूस ओला अ‍ॅप्रन दोन हातांनी धरून हसत होता आणि रडत होता. भिंगरीने डोळे किलकिले केले आणि म्हणाली, “ओरडू नका ना, बाबा.”

डॉक्टरबाईंनी खरोखरच एक लांब श्वास घेतला.

संध्याकाळी भिंगरीची आई कामावरून धावत आली. सगळं ऐकून तिने आधी लेकीला घट्ट धरलं, मग कंपाउंडरला जे बोलायचं ते बोलली. त्याने मान खाली घालून ऐकलं. मग तो वही घेऊन बाहेर पडला आणि उरलेल्या सातही मुलांच्या घरी गेला. प्रत्येक दारात त्याने स्वतः सांगितलं की साथ वाईट नव्हती, चूक माझी होती. मोठ्या दवाखान्यातली दोघंही घरी आली होती. ते कळल्यावरच तो दवाखान्यात परत आला.

दोन दिवसांनी भिंगरीला घरी नेताना आचारी म्हणाला, “या जगाचं काहीतरी केलं पाहिजे.” त्याने लाल रेघ खरवडून काढली. मावशीने मोजून दोन बाटल्या ओतल्या. डॉक्टरबाईंनी मान वाकवून डोळा पाण्याच्या पातळीला आणला, अगदी त्या तपासनीसबाईंसारखा, आणि खूण केली. मग आचाऱ्याने सुरीचं टोक शेगडीवर तापवलं आणि त्या खुणेवर माझ्या अंगात एक रेघ कोरली. दुखलं, खोटं कशाला सांगू. आता ती तारेच्या घासणीने जाणार नाही. मावशीने त्याच दिवशी घासून खात्री करून घेतली.

सिस्टर परत आल्यावर सगळ्यांना मिळून एकच तास बोलली, पण तो तास मला आजही ऐकू येतो. शेवटी आचाऱ्याचं नाव निघालं तेव्हा मात्र ‘चाखायचं नाही’ हा आपला नियम तिने स्वतःच मागे घेतला. आता दर सोमवारी दोन बाटल्या ओतून माझी रेघ तपासतात आणि पहिल्या चमच्यातला थेंब आधी कुणीतरी मोठं माणूस तळहातावर घेऊन चाखतं. भिंगरी परवा लस टोचून घ्यायला आली होती. तिने मला टेबलावरून खाली पाडलं. मी रागावलो नाही, फक्त वैतागलो.

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या पेल्यांना, चमच्यांना, मापांना जपा. त्यांच्यावरची रेघ घासून घालवू नका, गेली तर अंदाजाने ओढू नका, आणि देवाशपथ सांगतो, त्यांच्यात फुलं ठेवू नका. पण एवढंच सांगून मी थांबलो तर ते अर्धंच होईल. जन्मभर मी रेघेचा तोरा मिरवला आणि जिभेला नावं ठेवली. शेवटी माझीच रेघ खोटी निघाली, तेव्हा एकाच्या जिभेने ती ओळखली आणि दुसरीच्या जिभेवर ती नऊ दिवस अडकून राहिली होती. माप चुकलं तर मापाला ओरडता येत नाही. मी ओरडून पाहिलंय. तुम्हाला जीभ आहे. काही चुकतंय असं वाटलं तर एकदा म्हणा, कुणी ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणालं तर दुसऱ्यांदा म्हणा, आणि तोवर झाडू उचलून खोलीबाहेर जाऊ नका.